सेव्ह करताना फाइल अर्धवट का राहते?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब मी पायथनमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये ठेवतो. नोंदी जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुराच्या स्वरूपातल्या डेटा-फाइलमध्ये) असतात. पावतीची तारीखही साठवायला घेतली आणि सेव्ह करताना 'टाइपएरर' आला. आता प्रोग्रॅम सुरू केला की फाइल वाचतानाच 'जेसनडिकोडएरर : एक्स्पेक्टिंग व्हॅल्यू' येतो. तिथे ट्राय-एक्सेप्ट घालून, म्हणजे एरर पकडून, रिकामी यादी घेतली तर चालेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही, ते करू नका. प्रोग्रॅम मुकाट्याने सुरू होईल, पण पुढच्या सेव्हला ती रिकामी यादी फाइलवर लिहिली जाईल आणि उरलेल्या नोंदीही जातील. आधी फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा.

बिघाड वाचण्यात नसून लिहिण्यात आहे. फाइल 'डब्ल्यू' मोडमध्ये, म्हणजे लिहिण्यासाठी, उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो. मग जेसन.डम्प हे साठवणारं फंक्शन तुकड्यातुकड्यांनी लिहू लागतं. जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही, म्हणून पहिल्या तारखेपाशी टाइपएरर येतो आणि तोवर लिहिलेलं तेवढं फाइलमध्ये राहतं. फाइलचा शेवट बघा, बहुधा तारखेच्या कोलनपाशी तुटला असेल. एररसोबत येणारे लाइननो आणि कॉलनो (ओळ आणि ओळीतलं स्थान) हीच जागा दाखवतात. शेवटच्या पूर्ण नोंदीपुढचा मजकूर खोडून कंस बंद केलेत, तर तेवढ्या नोंदी बचावतील. त्यापुढच्या मात्र बॅकअपमधूनच आणाव्या लागतील.

यापुढे आधी जेसन.डम्प्स (फाइलऐवजी मजकूरच परत देणारं फंक्शन) वापरून सगळा मजकूर मेमरीत तयार करा. एरर यायचा तर इथेच येईल आणि फाइलला धक्का लागणार नाही. तयार मजकूर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, फ्लश आणि ओएस.एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर पोचेल), फाइल बंद करा आणि मग ओएस.रिप्लेसने मूळ फाइलच्या जागी आणा. मध्येच वीज गेली तरी जुनी किंवा नवी, एक फाइल पूर्ण असेल.

तारखेसाठी अनेक जण जेसन.डम्प्सच्या 'डिफॉल्ट' या पॅरामीटरला सरळ एसटीआर (काहीही मजकुरात बदलणारं) देतात. आमचा त्याला विरोध आहे, कारण मग चुकून आलेली कुठलीही वस्तू मजकूर होऊन गुपचूप साठते. स्वतःचं फंक्शन लिहा : तारीख असेल तर आयसोफॉरमॅट (वर्ष-महिना-दिवस असा मजकूर), डेसिमल (अचूक दशांश रक्कम) असेल तर मजकूर, बाकी सगळ्याला टाइपएरर. वाचताना तारीख फ्रॉमआयसोफॉरमॅटने आणि रक्कम डेसिमलने परत घडवावी लागते. ते आपोआप होत नाही.

वाचतानाचे एरर वेगवेगळे पकडा. फाइलनॉटफाउंडएरर (फाइलच सापडत नाही) पहिल्याच वेळी आला तर रिकामी यादी योग्य. जेसनडिकोडएरर आला तर जागा दाखवून थांबा. जेसन नीट वाचलं गेलं, पण फ्लॅट नंबर किंवा रक्कमच नाही, तर कीएरर येईल. तेव्हा कितवी नोंद ते सांगा, नाहीतर शोधणार कुठे?

प्रश्न : सभासदांची मराठी नावं फाइलमध्ये बॅकस्लॅश, यू आणि ०९३८ अशी दिसतात. डेटा खराब झाला का?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : नाही. ०९३८ हा 'स'चा युनिकोड क्रमांक आहे आणि वाचताना 'स'च मिळतो. अक्षरं दिसायला हवी असतील तर जेसन.डम्प्समध्ये एन्शुअर_आस्की हे पॅरामीटर फॉल्स करा आणि फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या, लिहिताना आणि वाचतानाही. विंडोजवर ते राहिलं तर लिहितानाच युनिकोडएन्कोडएरर येऊ शकतो. नोटपॅडमधून सेव्ह केलेली फाइल 'बीओएम'ची (फाइलच्या सुरुवातीच्या अदृश्य खुणेची) तक्रार करत असेल, तर वाचताना यूटीएफ-८-सिग द्या.