संगणक-शंका : टर्मिनलवर येणारा मेल

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या उबुंटू सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करून) काम करत असताना अधूनमधून 'यू हॅव न्यू मेल' अशी ओळ उमटते. माझ्या जीमेलमध्ये त्या वेळी काहीच आलेले नसते. हा मेल कोणाचा, तो न उघडता कसा तपासावा आणि ही ओळ बंद करावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : या ओळीचा जीमेलशी काहीही संबंध नाही. लिनक्सवर (उबुंटू हे त्याचेच एक रूप) वापरकर्त्याच्या नावाची एक साधी मजकूर-फाइल असते आणि तीच त्याची स्थानिक टपालपेटी होय. उबुंटूवर ती 'व्हार' फोल्डरातील 'मेल' या फोल्डरात सापडते. नवा प्रॉम्प्ट, म्हणजे पुढचा आदेश मागणारी खूण, दाखवण्यापूर्वी बॅश हा तुमचे आदेश चालवणारा प्रोग्राम त्या फाइलमध्ये भर पडली आहे का, हे पाहतो. पण प्रत्येक वेळी नव्हे, तर 'मेलचेक' या व्हेरिएबलमध्ये (बॅशने जपलेल्या मूल्यात) दिलेले सेकंद उलटल्यावरच, आणि ते मुळात 60 असतात. त्यामुळे तुम्ही हातावर हात ठेवून बसलात, तर मेल येऊनही पडदा गप्पच राहतो. बर्कलीच्या जुन्या युनिक्सवरील 'बिफ' हा आदेश मात्र मेल येताक्षणी सूचना देत असे. त्याला तिथल्या एका कुत्र्याचे नाव दिले होते. तो टपालवाल्यावर भुंकायचा, ही आख्यायिका मात्र खरी नाही.

पेटी तपासण्यासाठी 'मेल' हा आदेश हायफन आणि मोठ्या 'एच'सह द्यावा. प्रेषक, तारीख आणि विषय यांची यादी दाखवून तो लगेच बाहेर पडतो. स्क्रिप्टमध्ये केवळ हो-नाही हवे असेल, तर हायफन आणि लहान 'ई' वापरावा. मेल असल्यास निर्गम-संकेत (आदेश संपताना परत देतो तो आकडा) 0 मिळतो, पडद्यावर काहीही छापले जात नाही. नुसता 'मेल' आदेश देऊन पत्रे वाचलीत, तर 'क्यू' दाबून बाहेर पडताना वाचलेली पत्रे सहसा तुमच्या होम फोल्डरातील 'एमबॉक्स' फाइलमध्ये हलवली जातात आणि मग ती गहाळ झाली असे वाटते. काहीही न हलवता बाहेर पडायचे असेल, तर 'एक्स' दाबावे.

आता प्रेषक कोण, हा प्रश्न. बहुतेक वेळा तो क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारा प्रोग्राम, असतो. ठरावीक वेळी चालणाऱ्या कामाने पडद्यावर जे छापले असते, ते पाहायला त्या वेळी कोणी नसल्यामुळे क्रॉन ते त्या कामाच्या मालकाला मेलने पाठवतो. विषयाच्या ओळीत 'क्रॉन' हा शब्द आणि चालवलेला आदेश दिसतो. रात्रीचा बॅकअप डिस्क भरल्यामुळे अर्ध्यावर थांबला असेल, तर त्याची वर्दी अनेकदा याच पेटीत पडून असते. म्हणून 'मेलचेक' काढून टाकून ओळ बंद करता येत असली, तरी माझ्या मते तसे करू नये. त्याऐवजी क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी असलेल्या फाइलमध्ये) वरच्या बाजूला 'मेलटू'पुढे तुमचा नेहमीचा पत्ता लिहावा. सर्व्हरवरून बाहेर मेल पाठवण्याची सोय असल्यास वर्दी थेट तिथे पोहोचेल. ज्या कामाचा रोजचा मजकूर निरुपयोगी आहे, त्याचे फक्त सामान्य आउटपुट 'डेव्ह नल'कडे (आलेले सगळे टाकून देणाऱ्या खास फाइलकडे) वळवावे आणि त्रुटींची वाट मोकळी ठेवावी.