स्पीकरचा बॉक्स थरथरतो
प्रश्न: घरी १२ मिमी प्लायचे स्पीकर बॉक्स बनवलेत, पण भारदस्त पुरुषी आवाज लागला की बाजूच्या फळ्या घुमतात. आत कापूस भरून झाला. १८ मिमी प्लाय घेऊ का?

उत्तर: थांबा हो, कापूस आतल्या हवेसाठी, फळीला त्याचं काय! आणि नुसती जाडी वाढवली की तो घुमारा जात नाही, वरच्या सुरात सरकतो आणि तिथं कधीकधी कानाला जास्तच टोचतो, म्हणून तर बीबीसीच्या एलएस३/५ए या स्पीकरमध्ये बर्च लाकडाचा पातळ प्लाय ठेवून आतून डांबरी शीट लावलेली. तुम्ही कारच्या दारात लावतात ती डॅम्पिंग शीट, म्हणजे थरथर शोषणारी शीट, आतून नीट दाबून चिकटवा, शिवाय समोरासमोरच्या फळ्यांमध्ये एक लाकडी आडवी पट्टी फेव्हिकॉलनं बसवा, अगदी मधोमध नको, जरा बाजूला. मग टकटक करून बघा, 'टण्ण' जाऊन 'ठप्प' आलं पाहिजे.