लेक म्हणते, यंत्रच खरी मैत्रीण

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही लेस्टरला राहतो. लेक चौदा वर्षांची आहे, तिच्या शाळेत सगळ्या वर्गाला एकच कादंबरी दिलीय, काझुओ इशिगुरोंची 'क्लारा अँड द सन', आणि पालकांनीही सोबत वाचा असं सांगितलंय. त्यात जोसी नावाच्या आजारी मुलीला सोबत म्हणून दुकानातून क्लारा ही यंत्रमैत्रीण आणतात. आता लेक म्हणते, क्लाराच खरी, माणसं सगळी स्वार्थी. रात्री उशिरापर्यंत चॅटबॉटशी बोलत बसते, म्हणे तो कधी वैतागत नाही. फोन काढून घेऊ का? शाळेने असलं पुस्तक द्यायलाच नको होतं असं वाटतं.

उत्तर : ताई, पुस्तकावर राग काढू नका, उलट शाळेने फार चांगलं पुस्तक निवडलंय (२०२१ साली आलं, लेखकाला २०१७ चं नोबेल आहे), आणि तुम्ही ते अजून पूर्ण वाचलं नसेल तर आधी वाचाच, कारण लेकीशी बोलायची सगळी सोय त्यातच आहे.

जोसी आणि शेजारचा रिक यांचा तो खेळ आठवा. जोसी चित्रं काढते आणि चित्रातली माणसं काय बोलतायत ते रिकने फुग्यांमध्ये लिहायचं. त्यावरूनच दोघांचं बिनसतं, एकमेकांना लागेल असं बोलतात, रिक निघून जातो. क्लारा तेव्हा काय करते? आता मी आहे ना, असं म्हणून जोसीला स्वतःकडे ओढत नाही, ती जोसीचं चित्र घेऊन चालत रिकच्या घरी जाते. मला सगळ्या पुस्तकात हेच फार आवडतं. लेकीला एवढंच विचारा की तुझा चॅटबॉट तुला भांडलेल्या मैत्रिणीच्या दारापर्यंत नेतो का, की तिथून लांबच ठेवतो? आणि ती उत्तर देईपर्यंत गप्प बसा, मध्ये उपदेश नको.

यंत्रापाशी मन मोकळं करावंसं वाटणं यात तिचं काही चुकलंय असं मुळीच नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकाशी गप्पा मारायचा साधा प्रोग्राम केला होता, आपलंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत विचारायचा, बस. तरी त्यांची सेक्रेटरी, जिने तो बनताना पाहिला होता, त्याच्याशी बोलायला लागली आणि त्यांना म्हणाली की जरा खोलीबाहेर जाता का. मोठ्या बाईला तसं वाटलं तर चौदाव्या वर्षी वाटणारच ना.

फोन एकदम हिसकावून घेतलात तर ती बोलायचीच बंद होईल. रात्री ठराविक वेळेनंतर तो बैठकीत राहील असं ठरवा, आणि तो नियम तुम्हा दोघांनाही लागू. एक मात्र हळूच काढून घ्या, वर्गात कुणाशी तिचं फाटलंय का? 'सगळे स्वार्थी' हे मला पुस्तकातलं वाटत नाही, डब्याच्या सुट्टीतलं वाटतं. झोप उडाली, खाणं कमी झालं किंवा जिवाचं बरंवाईट करायचं बोलली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी शाळेतल्या समुपदेशकांना आणि डॉक्टरांना गाठा.

आणि शेवट दोघी मिळून वाचा. तिथे क्लारा म्हणते की जोसीचं वेगळेपण जोसीच्या आत नव्हतंच, तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या आत होतं. हे तिला पटतं का ते विचारा, आणि नाही म्हणाली तर का नाही तेही ऐकून घ्या.