चेकच्या पोटातला शहा

प्रश्न असा आहे: बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि ‘जरा चेक कर’ मधला चेक, हा एकच शब्द की उच्चार सारखा असलेले तीन वेगळे?

एकच. गंमत म्हणजे इंग्रजी आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द फारसीतून मराठीत येऊन बसला आहे. ‘बादशहा’तला शहा तो हाच.

बुद्धिबळात राजावर हल्ला केला की ‘शाह!’ असं बजावायचं, म्हणजे राजा सांभाळ. त्याचाच आपला ‘शह’. तोच शब्द अरबी आणि लॅटिनमार्गे जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीत येताना सुरुवातीचा ‘ए’ गळून ‘चेक’ उरला. त्याचंच अनेकवचन म्हणजे ‘चेस’. थोडक्यात, ‘शह’ आणि ‘चेक’ ही एका घरातली भावंडं.

आता अर्थ कसा पसरला? शह बसला की हातातला बेत सोडून आधी राजा सोडवावा लागतो. म्हणून चेक म्हणजे अडवणं, मग आवर घालणं, मग आवर राहावा म्हणून लक्ष ठेवणं आणि शेवटी तपासणं. आपला ‘शह’ मात्र तपासणीच्या वाटेला गेलाच नाही, काटशहाला घेऊन राजकारणात रमला.

शर्टावरचे चेक्स पटावरून आले, हे उघड आहे. इंग्लंडात बाराव्या शतकात सरकारी हिशेब चौकड्या आखलेलं कापड टेबलावर अंथरून, त्यावर सोंगट्या सरकवून करत. त्या पटावरून खजिन्याच्या खात्यालाच ‘एक्सचेकर’ नाव पडलं. तिथला अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’च म्हणवतो.

बँकेचा चेक मात्र थेट तिथून आलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे स्थळप्रत (काउंटरफॉइल), खोटा कागद पकडता यावा म्हणून ठेवलेली. पुढे नाव मूळ कागदालाच चिकटलं. ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या थाटात त्याचं स्पेलिंग तेवढं लांबवलं, अमेरिकनांनी ते साधंच ठेवलं. (चेक प्रजासत्ताकाचा या कुळाशी काही संबंध नाही.)

जाता जाता ‘चेकमेट’. त्यातला ‘मेट’ म्हणजे आपण ‘मात करणे’ म्हणतो ती मात. ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास सांगितला जातो, पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. मला हाच अर्थ पटतो, कारण पटावर राजा कधी मारला जात नाही. त्याला फक्त हलायला घर उरत नाही.