विचारा बाईंना : चाळणीत अडकलेला कागद

प्रश्न : बाई, नमस्कार. मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीन. सुट्टीत घरी रद्दीचा कागद करायचा घाट घातला. वर्तमानपत्र भिजवून मिक्सरमधून काढलं, मैद्याच्या चाळणीत ओतलं आणि फडक्यावर पालथं घातलं. निम्मं चाळणीलाच चिकटलं, निम्मं गोळा होऊन पडलं. कसाबसा एक तुकडा निघाला, तो गच्चीवर उन्हात ठेवला तर पापडासारखा वळला. मुलगी रडली. चुकलं कुठे? आणि आमच्याकडे केळीचे खांब पडलेले असतात, त्यांचा कागद होईल का? – एक आई, सावदा

उत्तर : चुकलं ते चाळणीत. चाळणीची जाळी खाली आणि कड वर. पालथी घातली की जाळी फडक्यापासून दोन बोटं वरच राहते. लगदा फडक्याला टेकतच नाही, नुसता खाली पडतो. जाळी कडेच्या पातळीत सपाट हवी. भरतकामाची रिंग घ्या, तिच्यात मच्छरदाणीचा तुकडा ढोलकीसारखा ताणून बसवा आणि जाळीची सपाट बाजू वर ठेवा. लहान हातांना ती पेलते. जुन्या पाटीची लाकडी चौकटही चालते.

पुढचं तुम्हाला मी काय शिकवणार, तुम्ही बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, केलेत ना? ओल्या फडक्यावर थापलेला बिबडा खाटेवरच्या लुगड्यावर पालथा घालायचा आणि फडकं एका कडेने अलगद सोडवायचं. कागदाचंही तंतोतंत तसंच. पसरलेलं फडकं आधी ओलं करून पिळून घ्या, कोरड्यावर लगदा धरत नाही. रिंग पालथी घातल्यावर जाळीच्या पाठीवरून स्पंज दाबून पाणी टिपा, पिळा, पुन्हा टिपा. सात-आठ वेळा तरी. मगच एका बाजूने उचला. अमळनेरला माझ्या बालवाडीत पहिला कागद सुटला तेव्हा एक पोरगा ओरडला होता, "बाई, हाऊ तं बिबडा शे!" तेव्हापासून आमच्याकडे त्याला कागद कोणी म्हटलंच नाही.

वर्तमानपत्राचे धागे आखूड असतात, कागद ठिसूळ आणि करडा होतो. मुलीची गेल्या वर्षीची वही घ्या. पिना काढा. लांब वहीची दहा-बारा पानं फाडून रात्रभर भिजवा. सकाळी मूठभर तुकड्यांना तीन ग्लास पाणी घेऊन मिक्सर थोडा थोडा फिरवा. हे काम तुमचं, मुलांचं नाही. सगळा लगदा टपात पाच-सहा लिटर पाण्यात सोडा. पातळ ताकासारखा दिसला पाहिजे. पिठल्यासारखा झाला तर कागद नाही, थालीपीठ होतं. हाताने ढवळून रिंग तिरकी आत घालायची आणि आडवी करून सरळ वर उचलायची. चकचकीत मासिकं नकोत. एटीएमच्या आणि दुकानांच्या गुळगुळीत पावत्याही नकोत, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो आणि तुमचा धाकटा बोटं तोंडात घालणारच.

फाडायचं काम मात्र पूर्ण मुलांना द्या, घाई करू नका. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं की सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. यंत्रावर कागद होताना धागे एकाच दिशेने निजतात, म्हणून. हे मुलांना सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू द्या. मग स्वतः केलेला कागद दोन्ही बाजूंनी फाडायला लावा. तो कसाही फाडला तरी केसाळच फाटतो. या एका गोष्टीवर माझ्या वर्गातली पोरं अर्धा तास गुंतलेली मी पाहिली आहेत.

आता वाळवणं. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन कुरडयांना चांगलं, कागदाला नाही. कडा आधी सुकतात, मधला भाग ओला राहतो, म्हणून वळतो. फडक्यासकट कागद एकावर एक रचा, वर पाट ठेवा आणि धाकट्याला पाटावर उभं करा. घरात याहून चांगला दाब नाही, आणि तो उतरायलाही तयार होणार नाही. नंतर सावलीत फडक्यावरच सुकू द्या.

असा कागद टीपकागदासारखा शाई पितो. लिहायचं असेल तर कुरडईच्या गव्हाचा चमचाभर चीक पाण्यात शिजवून पातळ खळ करा आणि सुक्या कागदावर ब्रशने लावा. सुकला की कवडीच्या पाठीने घोटायला मुलीला द्या. जुना देशी कागद असाच खळ लावून दगडाने नाहीतर शंखाने घोटत. एरंडोलचा जाडाभरडा देशी कागद एके काळी नावाजलेला होता, जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. सावद्याहून एरंडोल काही परमुलूख नव्हे, मुलांना सांगा.

केळीच्या खांबाचा कागद होतो, पण त्यासाठी सोपटं, म्हणजे खांबाचे एकावर एक गुंडाळलेले थर, सोड्याच्या पाण्यात तासन् तास उकळावी लागतात. लहान मुलं घरात असताना ते नको. सुरीच्या बोथट बाजूने सोपट खरवडा, धागे सुकवा, नखाएवढे कापून चिमूटभर लगद्यात टाका. कागदात सोनेरी केस दिसतात. लांब ठेवलेत तर गुंता होईल. आणि मुलांना जुने कपडे घाला, केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही हे सावद्याच्या माणसाला मी का सांगतेय!

उरलेला लगदा मोरीत ओतू नका. मी ओतला होता. दोन दिवसांनी मोरी तुंबली, आणि प्लंबरने नळीतून जो काढला तो माझा सगळ्यात जाड कागद. पाणी गाळून झाडांना घाला आणि लगद्याचे मुठीत पिळून गोळे करून वाळवा. पुढच्या वेळी भिजवले की पुन्हा लगदा. माझ्या खिडकीत असे चार गोळे आहेत. नातवाने त्यांना डोळे काढलेत, त्यामुळे आता ते भिजवायची सोय राहिलेली नाही.