नकाशावर मळ्यात गुलाबी ठिपका दिसतोय, आता युरोपला जाणारी कॉफी अडकेल का?

लगेच नाही. न्हावा शेवाहून माल निघताना, युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमामुळे, पहिला प्रश्न हा: ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथे जंगल तोडून मळा केला का? ग्लोबल फॉरेस्ट वॉच या जंगलांच्या ऑनलाइन नकाशावरचा गुलाबी ठिपका फक्त झाडांचं छत्र गेल्याचं सांगतो. गेलं ते जंगल की मळ्यात सावलीसाठी लावलेला सिल्व्हर ओक, हे त्याला कळत नाही. त्यात कोडगूची कॉफी सावलीतली. वरून सगळं हिरवंच. ठिपक्याचं साल बघा, सेंटिनेल-२ उपग्रहाची आधीची-नंतरची चित्रं ताडा, मग मळेवाल्याला फोन.

आणि हो, ४ हेक्टरांपेक्षा मोठ्या मळ्याची पूर्ण हद्द अक्षांश-रेखांशांत द्यावी लागते. मस्जिद बंदरच्या आमच्या ऑफिसात एकदा अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आणि मळा थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात!