अगर-अगर

शाहूपुरीतल्या एका वाचकांचा मुलगा पंचगंगेच्या पाण्यातल्या जिवाणूंवर प्रकल्प लिहितोय. जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाचं नाव 'मॅकाँकी अगर' लिहायचं की 'आगर', आणि हा अगर अगरबत्तीतलाच ना, असं ते विचारतात.

अगरबत्तीतला नाही! हे ऐकून ऐकून कान किटले. कृषी प्रदर्शनात उसाच्या बेण्याला लावायचं जिवाणू कल्चर विकणारेसुद्धा 'अगरच्या झाडाचा डिंक' असं छातीठोक सांगतात. 'किंवा' या अर्थाचा फारसी अगर सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देऊ.

अगरबत्तीतला अगर म्हणजे संस्कृत अगुरु, सुगंधी लाकूड. प्रयोगशाळेतला अगर तांबड्या समुद्री शेवाळातून निघतो आणि त्याचं नाव मलय भाषेतलं आहे, 'अगर-अगर'. दोन्ही शब्द एकच मानणाऱ्या पंडितांनी एवढंच सांगावं: मलय भाषेत त्या सुगंधी लाकडाला 'गहारू' म्हणतात आणि तोच अगुरुचा वंशज आहे. मग शेवाळाला वेगळा शब्द का? आवाज जुळला की व्युत्पत्ती झाली, ही सवय आता सुटायला हवी.

मला खरा मोह आहे तो त्या द्विरुक्तीचा. आपल्याकडे बघा: लिबलिबीत, बुळबुळीत, गिळगिळीत, थुलथुलीत. हाताला लागून हलणारा, निसटणारा पदार्थ आला की मराठी अक्षरं दोनदा म्हणते. मलय भाषेत द्विरुक्ती इतरही कामांना येते, हे मान्य. तरी अगर-अगर म्हणताना तोंडात जेली हलल्यासारखी वाटते, आणि हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. हवेतलं नत्र धरणारा ॲझोटोबॅक्टर हा जिवाणू नत्र नसलेल्या ॲशबी माध्यमावर वाढवून तारेच्या लूपने उचलून पाहा, चिकट तार सुटते. तिला 'बुळबुळीत'खेरीज दुसरा शब्द सुचत नाही.

हा शब्द प्रयोगशाळेत आला स्वयंपाकघरातून. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसेची, जिवाणू वाढवायला वापरलेली जिलेटिन उन्हाळ्यात वितळायची, शिवाय काही जिवाणू तिला पातळ करून टाकायचे. 1881 मध्ये त्याची बायको फॅनी हिनं अगर सुचवला. जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला तो माहीत होता, मुरंब्या-जेलीसाठी वापरायची. अगर 85 अंशांच्या आसपास वितळतो आणि चाळिशीच्या खाली उतरल्यावरच घट्ट होतो. म्हणून 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये कोल्हापूरच्या जयंती नाल्याच्या पाण्यातले कोलिफॉर्म जिवाणू मॅकाँकीच्या प्लेटवर गुलाबी ठिपके धरून जागच्या जागी राहतात. जिलेटिनवर त्या तापमानाला सगळं एकात एक झालं असतं. फॅनीचं नाव मात्र कॉखच्या 1882 च्या क्षयाच्या निबंधात नाही, आणि जिवाणू वाढवायची बशी मात्र त्याच प्रयोगशाळेतल्या पेट्रीच्या नावानं जगभर चालते.

'आगर' लिहू नका, तो शब्द नारळाला आणि मिठाला आधीच दिलेला आहे. प्रकल्पात पहिल्यांदा पूर्ण 'अगर-अगर' लिहावं, पुढं 'मॅकाँकी अगर' चालेल.